मदत हवी आहे: सीमाभागातून इंजिनिअरिंगला प्रवेश, मातृभाषेचा दाखला
मंडळी, नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. पोरीने पीयूसी (कर्नाटकातली बारावी) सायन्स करून एमएचटी-सीईटी दिलीय. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग प्रवेशासाठी सीमाभागाची सवलत आहे, त्यातून कोल्हापूरला बघतोय. इथल्या मॅनेजमेंट कोट्याचा आकडा ऐकून जिना उतरताना मी कठडाच धरला. दोन एकर भातावर तो खर्च भागणार नाही.

अडलंय दाखल्यावर. मातृभाषा मराठी असल्याचा दाखला मागतात आणि टीसीवर तो रकाना कोरा आहे. पोरगी रोज रात्री फाईल उघडून कागद मोजत बसते, बघवत नाही हो. हा दाखला शाळेकडून घ्यायचा की तहसीलदारांकडून? आणि फीमध्ये काही सूट मिळते का? ज्यांच्या मुलांचा असा प्रवेश झालाय, त्यांनी कृपया लवकर सांगा.