मेकॅनिकसमोर मात्र हमखास सुरू होते

माझी २००७ ची पेट्रोल गाडी. आठवड्यातून एकदोनदा किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) ढिम्म. दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात सुरू. गॅरेजात नेली की तिथे एका किल्लीत उठते आणि गॅरेजवाले दादा माझ्याकडेच संशयाने बघतात. बॅटरी बदलून झाली, दुखणं तसंच. जुन्या गाडीच्या असल्या लहरी तुम्हीही सोसल्या असतील. काय सापडलं आणि कसं सापडलं, ते लिहा.

रत्नागिरी
आमच्याकडे खारी हवा. गाडीनं असंच 'टक्' सुरू केलं, तेव्हा मीही आधी बॅटरीच बदलली. सगळेच बदलतात! दोष निघाला इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत. वरून धडधाकट, कव्हर सोलल्यावर आत हिरवा चुरा. तपासायला सोपं आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास राहायला हवा. माझा सव्वाच्या वर गेला. सेल्फ मारत असतानाच बघा, एरवी सगळं छानच दिसतं.

सातारा
ताई, माझं नेमकं उलट. सेल्फ गरागरा फिरायचा, इंजिन पेट घ्यायचं नाही. तेही फक्त गरम असताना. पुण्याहून येताना खंबाटकी उतरून सुरूरला चहाला थांबलो की परत निघताना हटकून अडायची. दुसरा चहा होईस्तोवर गाडी निवायची आणि सुरू. कॉइल झाली, प्लग झाले, पेट्रोल फिल्टर झाला, पैसे पाण्यात. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने विचारलं, "सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?" हलत नव्हता. क्रँक सेन्सर! तो तापला की सिग्नल देणं बंद करतो, मग इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही. ना ठिणगी, ना पेट्रोल. पुढच्या वेळी अडली तेव्हा सेन्सरवर गार पाण्याचा फडका ठेवला, पाच मिनिटांत सुरू. सेन्सर बदलला, तेव्हापासून सुरूरचा दुसरा चहा सुटला.

ठाणे
फडक्यावरून आठवलं. वडिलांच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत उन्हाळ्यात घाटाच्या निम्म्यावर पेट्रोलची वाफ व्हायची. पंपावर ओला पंचा टाकून आम्ही सगळे दगडांवर बसायचो. डब्यातल्या पोळ्या तिथेच संपायच्या.

पनवेल
सीएनजीवाल्यांनो, पेट्रोलचा काटा रिझर्व्हवर ठेवून फिरत असाल तर थांबा. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात, मग गॅसवर जातात. टाकीतला पंप त्या पेट्रोलनेच थंड राहतो. मी वर्षानुवर्षं शंभर-शंभरचं टाकत राहिलो, पंप कोरडा फिरून आजारी पडला. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोन सेकंद 'झूंऽ' ऐकू यायला हवं. ज्या दिवशी ऐकू यायचं नाही, त्या दिवशी गाडी सुरू व्हायची नाही. अर्थात आवाज नसला तर आधी रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलून बघा, तो स्वस्त असतो.

नाशिक
डिझेल. डिसेंबरात पहाटे नखरे, दुपारी शहाणी. थंड इंजिन सुरू व्हायला आतून ऊब देणाऱ्या चार ग्लो प्लगपैकी दोन गेलेले.

फोंडा
किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का बघा. आमच्या किल्लीतली चिप जवळच्या दुसऱ्या किल्लीमुळे गोंधळायची. स्कूटरची किल्ली जुडग्यातून काढली, प्रश्न मिटला.

धागा काढणारी
रत्नागिरीकर, तुमचं वाचून मल्टिमीटर आणला. काल पुन्हा 'टक्' झालं. बॅटरीवर १२.५, अर्थिंगवर जवळजवळ शून्य. पण गंमत पुढे आहे. किल्ली धरून ठेवली तरी बॅटरी १२.४ च्या खाली येईना. सेल्फ खरंच फिरायला लागला तर व्होल्टेज धाडकन उतरतं, दहा-साडेदहापर्यंतही. म्हणजे सेल्फ करंट ओढतच नव्हता! गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मी किल्ली धरली आणि नवऱ्याने पान्याच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर हलकेच टकटक केलं. घुर्रर्र. उघडल्यावर आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश पार झिजलेले निघाले. टकटकीने तेवढ्यापुरते टेकत होते. नवे ब्रश बसवून घेतले.

गॅरेजवाले दादा म्हणाले, "ताई, सेल्फचं आहे, हे आधीच सांगायचं ना."