पितृपक्षात अलिबागला दोन रात्री, आईला कुलाबा किल्ल्यात न्यायचंय: ओहोटीचं गणित कसं जमवू?

नमस्कार मंडळी,

अनंत चतुर्दशी झाली की घर सुनं सुनं वाटतं. त्यामुळे यंदा विसर्जनानंतरच्या आठवड्यात पुण्याहून दोन रात्री अलिबागला जायचं घाटतंय. मी, नवरा, 8 वर्षांचा लेक आणि माझी आई. आई 68 वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण सपाटीवर काठी घेऊन हळूहळू चालते.

पितृपक्ष मुद्दाम निवडलाय. गर्दी नाही, शनिवार-रविवार सोडला तर खोल्या रिकाम्या, भावात घासाघीस करता येते. "पक्षात कुठे भटकताय" हे सासूबाईंचं ऐकून झालंय. आमच्याकडे पक्ष दशमीला असतो, त्याआधी परत आलं पाहिजे एवढंच.

आईला किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घ्यायचंय, मुळात सहल त्याचसाठी. 3 वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा जेवूनखाऊन दुपारी साडेबाराला किनाऱ्यावर पोचलो, तर किल्ला चारी बाजूंनी पाण्यात! पौर्णिमा होती एवढं आठवतंय, कारण आईचा उपास होता. तिने वाळूतूनच हात जोडले, मुकाट गाडीत येऊन बसली. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

तर, नेमकं कोणत्या दिवशी, किती वाजता गेलं तर तिला चालत किंवा घोडागाडीतून जाता येईल? आत चढ किती? आणि पाऊस आडवा आलाच तर जवळपास आईला झेपेल असं दुसरं काय? राहायचं कुठे ते आम्ही बघू, त्यावर प्रतिसाद खर्ची घालू नका.

प्रतिसाद

पौर्णिमेला साडेबारा म्हणजे ऐन भरती गाठलीत की! आमच्या आजोबांचा हिशोब सांगतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजता. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा तीच वेळ धरायची आणि त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासूनच मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

प्रतिसाद

वरच्या हिशोबाने कुणीही अष्टमी-नवमी निवडेल, कारण ओहोटी भर दुपारी येते. इथेच फसगत होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. ओहोटीलाही वाटेत पाणी राहतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, पाणी लांबवर ओसरतं, पण तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हातारं माणूस, लहान मूल घेऊन अंधारात परतायचं का?

मधली वाट तृतीया-चतुर्थी. उधाणाचा जोर थोडा शिल्लक असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊला येते. ताई, तुमच्या आठवड्यात चतुर्थी म्हणजे संकष्टी. यापेक्षा चांगला दिवस कोणता?

ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावर हजर राहा. पाणी उतरत असतानाच निघायचं, आणि ते वळलं की दर्शन अर्धवट राहिलं तरी परत फिरायचं. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल, किंवा तिथले टांगेवाले "आज नको" म्हणाले, तर हट्ट करू नका.

प्रतिसाद

आत फार चढ नाही. दरवाजापाशी थोड्या पायऱ्या आहेत, पुढे बरंचसं सपाट. पण पावसाळा नुकताच सरलेला, दगडावर शेवाळ असणार. काठीला खाली नवीन रबर लावून घ्या, हसू नका, माझ्या काकूंचा अनुभव आहे. गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलं, शेजारीच पुष्करणी आहे. लेकाला तटाचे दगड दाखवा: मोठमोठे चिरे चुना न भरता नुसते रचलेत, त्यामुळे लाटेचं पाणी फटींत शिरून जिरतं. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, तिथे चालावं लागत नाही.

पाऊस आडवा आला तर रेवदंडा. पोर्तुगीज किल्ला आहे, रस्ताच तटातून आत जातो, गाडीतून बसल्या बसल्या बरंच दिसतं. कोर्लईला चढ आहे, आईंना नको. जंजिऱ्याचंही डोक्यातून काढा. होड्या सुरू झाल्या असल्या तरी हलत्या होडीतून दरवाजाच्या पायरीवर पाय टाकणं दुखऱ्या गुडघ्यांना जमणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कालनिर्णय काढून बसले. संकष्टी मंगळवारी नाही हे बघून हायसं वाटलं, अंगारकी असती तर गर्दीच गर्दी. तृतीयेला दुपारी पोचायचं, चतुर्थीला सकाळी साडेसातला किनाऱ्यावर. चुकलंच तर पंचमीची ओहोटी पावणेदहाच्या सुमारास येतेय, ती राखीव ठेवलीय.

नवऱ्याची कुरकुर सुरू झालीय, कारण मासेमारी बंदी 31 जुलैलाच उठलीय, बाजारात ताजी मासळी असणार आणि आपण नेमके संकष्टीला तिथे. त्याला पंचमीच्या जेवणाचा शब्द दिलाय. आईचा उपास मात्र चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री आठ-नऊपर्यंत. एवढं चालून तिला उपाशी ठेवायचं जिवावर आलंय. किनाऱ्याजवळ सकाळी साबुदाण्याची खिचडी किंवा निदान शहाळं कुठे मिळतं का, एवढं कुणी सांगा. नाहीतर पुण्याहून राजगिऱ्याचे लाडू बांधून घेते.