पर्थमध्ये पहिलं मतदान केलं. सरकार तेच आलं, मग माझा ‘१’ गेला कुठे?

वाईची लेक

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी इथली सिटिझनशिप झाली आणि ८ मार्च २०२५ ला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. शाळेच्या हॉलमध्ये केंद्र होतं. लायसन्स हातात धरून रांगेत उभी, पण कोणी बघितलंच नाही. नाव विचारलं, पत्ता विचारला, “या निवडणुकीत आधी मत दिलंय का?” असं विचारलं, नाही म्हटल्यावर यादीत खूण केली आणि दोन कागद दिले. एक लहान, एक टेबलक्लॉथएवढा. बोटाला शाई नाही! आईला व्हिडिओ कॉलवर बोट दाखवलं तर म्हणते, “मग दिलंस कशावरून?”

बाहेर सगळे डेमोक्रसी सॉसेज, म्हणजे मतदान केंद्राबाहेर ब्रेडमध्ये घालून विकतात ते सॉसेज, खात होते. मी शाकाहारी, म्हणून ब्रेडमध्ये नुसता परतलेला कांदा घेऊन आले.

तर प्रश्न असा. लहान कागदावर सगळ्या चौकटींत आकडे भरायचे होते. मी १ एका छोट्या पक्षाच्या बाईंना दिला, २ आणि ३ असेच लहानसहान उमेदवार, ४ सत्ताधारी लेबर पक्षाला, ५ आणखी एकाला, ६ त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्धी लिबरल पक्षाला. सरकार बदलावं अशी काही माझी इच्छा नव्हती, पण त्यांना जरा चिमटा बसावा असं वाटत होतं. माझ्या बाई पडल्या, लेबर जिंकलं. राज्यात लेबरला पहिल्या पसंतीची साधारण ४१ टक्के मतं आणि ५९ पैकी ४६ जागा. म्हणजे शंभरातल्या ५९ जणांनी दुसऱ्या कोणाला तरी १ दिला, तरी एवढं बहुमत? आणि माझं मत पाण्यातच गेलं ना?

अजून एक. नवरा खाणीवर आहे, दोन आठवडे पिलबरात, एक आठवडा घरी. त्या दिवशी तो साइटवर होता, मत राहून गेलं. इथे तर मत देणं सक्तीचं. आता दंड?

बोरीबंदर

यात नवल ते काय! आपल्याकडेही चाळीस टक्क्यांत बहुमत येतंच की. विरोधक फुटले की सत्ताधाऱ्यांचं फावतं. जगात कुठेही जा, पळसाला पाने तीनच.

जुना पर्थकर

बोरीबंदर, इथे ते गणित लागू पडत नाही हो. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला, विषय संपला. इथे खालच्या सभागृहात पन्नास टक्क्यांच्या पुढे गेल्याशिवाय कोणी निवडून येत नाही.

वाईच्या ताई, तुमच्या घरात कोणी पदवीधर मतदारसंघात मत दिलंय का? विधान परिषदेला जांभळं स्केच पेन देतात आणि १, २, ३ लिहायला लावतात, ते. पेपरात येतं ना, “दुसऱ्या पसंतीच्या मतांवर विजयी”? त्याच जातकुळीतलं आहे हे. फरक एवढाच की तिथे नुसता १ लिहून घरी जाता येतं, इथे सगळ्या चौकटी भराव्या लागतात.

मी रिटायर झाल्यापासून दोन-तीन निवडणुकांना मोजणीच्या टेबलावर बसलोय. दिवसभराचे पैसे मिळतात आणि करमणूक फुकट. संध्याकाळी सहाला दार बंद, पेट्या टेबलावर उपड्या. पहिला अर्धा तास नुसत्या घड्या उलगडण्यात जातो. काही लोक कागदाची इतकी बारीक घडी घालतात की वाटावं, आत अंगारा बांधलाय. मग ज्याला १ त्याच्या नावाचा गठ्ठा. पक्षांची माणसं डोक्यावर उभी असतात, मान लांब करून बघतात, हरकत घेतात, पण कागदाला बोट लावायची परवानगी नाही. एकदा एकाने एकही आकडा न लिहिता छान कांगारू काढला होता. बाद. पण टेबलावरच्या सगळ्यांनी तो हातोहात पाहिला.

पुढची खरी मजा नंतर, पसंतीक्रमांच्या मोजणीत. सगळ्यात कमी मतं असलेला उमेदवार बाद करतात, पण त्याचा गठ्ठा फेकत नाहीत. त्यातला प्रत्येक कागद पुन्हा हातात घेऊन २ कुठे लिहिलाय ते बघतात आणि त्या गठ्ठ्यावर ठेवतात. पुन्हा तळाचा बाद, पुन्हा वाटप. शेवटी दोन गठ्ठे उरेपर्यंत हेच चालतं.

आता तुमचा कागद घ्या. तुमच्या बाई बाद झाल्या, कागद २ कडे गेला. तोही लहान, तोही गेला, मग ३ कडे. तोही बाद झाला की कागद ४ वर. शेवटच्या दोनात लेबर आणि लिबरल राहिले असतील, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहतात, तर तुमचं मत कुठल्या गठ्ठ्यात आहे? लेबरच्या. पूर्ण एक मत, अर्धं नाही, पाव नाही. ज्याने पहिल्यापासून लेबरला १ दिला त्याच्या आणि तुमच्या कागदाला तिथे किंमत सारखीच.

म्हणून ४१ वरून “५९ लोक विरोधात” असा हिशेब करू नका. त्यातल्या पुष्कळांनी तुमच्यासारखंच लेबरला लिबरलच्या वर ठेवलं होतं.

पण चिमटा बसलाच नाही असंही नाही. २०२१ ला लेबरचे मॅकगोवन राज्याचे प्रमुख (प्रीमियर) असताना लेबरला जवळपास ६० टक्के पहिल्या पसंतीची मतं होती आणि ५९ पैकी ५३ जागा. कोविडमध्ये राज्याची सीमा बंद ठेवली, लोक खूश होते. लिबरलचे दोनच आमदार आले, एका स्कूटरवर मावतील इतके. चार जागांवर नॅशनल्स, म्हणजे ग्रामीण भागातला पक्ष, अधिकृत विरोधी पक्ष झाले. लिबरलच्या नेत्याने, झॅक कर्कपने, मतदानाच्या दोन आठवडे आधीच जाहीर सांगून टाकलं होतं की आपण काही जिंकत नाही, आणि मग स्वतःची सीटही घालवली. त्या उंचीवरून या वेळी लेबरचे नवे नेते रॉजर कुक ४६ वर आले. लिबरल ७, नॅशनल्स ६. सलग तिसरी टर्म आणि तीही दणदणीत, हे खरं. पण चार वर्षांत पहिल्या पसंतीची अठरा-एक टक्के मतं दुसरीकडे गेली, हेही खरं. टीव्हीवाले पहिलं वाक्य मोठ्याने बोलतात.

पर्थजवळचं फ्रीमँटल बघा. लेबरचा जुना गड, मंत्रीणबाई उभ्या, आणि एका अपक्ष बाईंनी त्यांना असं घेरलं की निकाल कित्येक दिवस लटकला. शेवटी काहीशे मतांनी वाचल्या.

आकडेमोड

टेबलक्लॉथबद्दल कोणीच बोललं नाही! खरी बातमी तिथे आहे.

तो वरच्या सभागृहाचा कागद. २०२१ पर्यंत राज्याचे सहा विभाग, प्रत्येकाला सहा जागा. शहरातल्या विभागात मतदार ढीगभर, खाणींच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या भागात अगदी थोडे, पण जागा तितक्याच. शिवाय तुम्ही कागदाच्या वरच्या ओळीत, जिथे पक्षांची नावं असतात, एका पक्षाला १ दिला की पुढचे क्रम तो पक्ष ठरवणार. या सौदेबाजीतून २०२१ ला डेलाइट सेव्हिंग पार्टीचा, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करा म्हणणाऱ्यांचा, एक उमेदवार निवडून आला. पहिल्या पसंतीची मतं किती? ९८. अठ्ठ्याण्णव! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलासुद्धा याहून जास्त पडतात.

मग लेबरने कायदाच बदलला. या वेळी सगळं राज्य मिळून एकच मतदारसंघ, ३७ जागा, आणि पक्षांनी परस्पर क्रम ठरवणं बंद. निवडून यायला साधारण २.६ टक्के मतं लागतात. गंमत अशी की त्याच नव्या नियमांनी झालेल्या पहिल्या निवडणुकीत लेबरचं वरच्या सभागृहातलं बहुमत गेलं. २०२१ ला ३६ पैकी २२ होते, आता ३७ पैकी १६. पर्यावरणवादी ग्रीन्स पक्षाचे ४ सोबत घेतले तर विधेयक पास, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उभं राहायचं. नवीन मंडळींची मुदत २२ मे २०२५ पासून.

ताई, मोठ्या कागदावर १ कुणाला दिला होता?

वाईची लेक

मोठ्या कागदावरही त्या छोट्या पक्षालाच. वरच्या ओळीत नुसता १ लिहिला आणि घडी घातली, हात दुखत होता.

पण पर्थकर काका, म्हणजे सरकार मीच आणलं म्हणायचं! नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “दीड तास तू सांगत होतीस की यांना धडा शिकवला.” अहो, ४ आणि ६ लिहिताना मी अगदी सहज लिहिले होते. खरा निर्णय १ चा होता असं वाटलं होतं, आणि कामाला आला ४!

त्याच्या दंडाचं कोणी सांगितलं नाही.

जुना पर्थकर

राज्याच्या निवडणुकीला पहिल्या वेळी वीस डॉलर, पुन्हा पुन्हा चुकवलं तर पन्नास. पण लगेच भरू नका. आधी पत्र येतं, मत का दिलं नाही म्हणून. त्यात साइटवर होतो असं तारखांसकट खरं खरं लिहून पाठवा. कारण पटलं तर सोडून देतात. लवकर मतदानाची सोय असते, पोस्टानेही देता येतं, हे त्यांनाही माहीत आहे, तेव्हा फार आशेवर राहू नका. पुढची निवडणूक मार्च २०२९, महिन्याचा दुसरा शनिवार. तारीख कायद्यानेच ठरलेली असते, तेव्हा रोस्टर आत्ताच बघून ठेवा म्हणावं.