‘जुडा’, ‘जुळा’ की ‘जोडा’?

गेल्या आठवड्यात सोलापुरात नव्या पेठेतल्या एका फलकावर ‘आमच्याशी जुडा’ असा मजकूर वाचला आणि सोबतच्या मित्राने विचारले, हे मराठी आहे की हिंदी? मी ‘हिंदी’ म्हणून मोकळा झालो; पण घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले. तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, सुटणे आणि सोडणे ही क्रियापदे पाहिली, तर ‘जोडणे’च्या शेजारी ‘जुडणे’ बसायला व्याकरणाची काहीच हरकत दिसत नाही. मेथीची ‘जुडी’ तर आपण रोज मंडईतून आणतो. तरीही ‘जुडणे’ कानाला खटकते, आणि माझ्या मते त्याचे कारण हे की ती जागा मराठीत ‘जुळणे’ने कधीच धरून ठेवली आहे.

‘जोडणे’ला जोडणारा लागतो. नळजोडणी, वीजजोडणी, हात जोडणे, चार पैसे जोडणे, माणसे जोडणे, या सगळ्यांत कोणीतरी कष्ट घेतो आणि दोन गोष्टी एकत्र येतात. सूर, हिशोब आणि स्वभाव मात्र जुळतात. माणूस फार तर ते ‘जुळवून’ पाहतो, पण मुळात जुळण्याजोगे काही नसेल तर त्याचा इलाज चालत नाही. ‘पत्रिका जोडली आहे’ म्हटले तर ती अर्जाला टाचलेली असते. ‘पत्रिका जुळली आहे’ म्हटले तर मुहूर्त पाहायला हरकत नसते. लग्न जुळते, ठरते आणि लागते (‘लग्न’ या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी ‘लागलेले, चिकटलेले’ असा आहे, म्हणून महाविद्यालयेही विद्यापीठाला ‘संलग्न’ असतात). सोयरीक मात्र ‘जोडतात’, कारण ते वडीलधाऱ्यांचे काम.

छापखान्यातले शब्द हा फरक आणखी स्पष्ट करतात. धातूच्या अक्षरांचे खिळे एकापुढे एक लावण्याच्या कामाला ‘अक्षरजुळणी’ म्हणत, आणि खिळे गेले तरी पुस्तकाच्या पहिल्या पानांवर तो शब्द अजून टिकून आहे. तिथे प्रत्येक अक्षर शेजाऱ्याला खेटून उभे असले तरी स्वतः पूर्ण असते. जोडाक्षरात तसे होत नाही: ‘क्त’ लिहिताना ‘क’ला आपला ‘अ’ सोडावा लागतो. जुळणीत कोणाचे काही जात नाही, जोडणीत कधी कधी जाते.

आता आमच्या गावाचा प्रश्न. मी राहतो त्या भागाचे नाव जुळे सोलापूर. ‘जुळे’ हा शब्द संस्कृत ‘युगल’वरून प्राकृत ‘जुअल’च्या वाटेने आला, आणि ‘युगल’मधले जे ‘युग’, त्यापासूनच बैलांच्या मानेवरचे ‘जू’ झाले. या शब्दाची एक गंमत अशी की ‘तिला जुळे झाले’ या वाक्यात तो एकवचनी असूनही दोन बाळे सांगतो. जुळे सोलापूर या नावात नेमके उलटे घडते: जुळे म्हणजे दोघेही, पण इथे तो शब्द एकट्या नव्या वसाहतीला चिकटला आहे, आणि जुन्या गावाला कोणी चुकूनही जुळे म्हणत नाही. शिवाय जुळी भावंडे बरोबर जन्मतात; हे भावंड शेकडो वर्षांनी आले. तरीही ‘जोडसोलापूर’पेक्षा हे नाव मला चांगले वाटते, कारण ‘जोड’ म्हटले की मुख्य वस्तूला लावलेले दुय्यम काहीतरी, जसा शेतीला जोडधंदा, असा अर्थ डोकावतो.

‘सांधणे’ यांहून निराळे. मागावरचा बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपत आला की नव्या बीमची एकेक तार जुन्या तारेच्या शेवटाला लावावी लागते. लहानपणी शेजारच्या कारखान्यात हे काम करणाऱ्या मावशी मी पाहत असे: दोन टोके चिमटीत, बोटांचा एक पीळ, की लगेच पुढची तार, अशा शेकडो तारा, आणि तोंडाने तेलुगूत गप्पा चालूच. त्या तारा जुळत नव्हत्या, नुसत्या जोडल्याही जात नव्हत्या; टोकाला टोक लागून ताणा पुन्हा अखंड होत होता. हाडांचा सांधा किंवा रेल्वेतला सांधेवाला घ्या, हा अखंडपणा तिथेही आहे.

‘जोड’ आणि ‘जोडी’ यांत तर केवळ एका वेलांटीचे अंतर आहे. जोडी बरोबर चालते; कुस्तीतला जोड मात्र समोर उभा राहतो, आणि ज्याच्यासमोर तोलामोलाचा कोणी उभाच राहू शकत नाही तो ‘बिनजोड’. एका जुवाला बैल जुंपतात, तर दोन शेजाऱ्यांत ‘जुंपते’. ‘द्वंद्व’ म्हणजे जोडपे आणि लढाईही.

जेवणाच्या पानावर हा शब्द सौम्य होतो. कडक भाकरीच्या ‘जोडीला’ शेंगाचटणी मागताना आम्ही जे म्हणतो, तेच आमचे कन्नड शेजारी ‘जोतेगे’ म्हणून म्हणतात. त्यांचा ‘जोते’ म्हणजेही जोडी आणि सोबत.

राहिला तो फलक. ‘आमच्याशी जुळा’ म्हटले तर पत्रिका पाहावी लागेल आणि ‘जोडले जा’ म्हटले तर कोणी जोडायचे हा प्रश्न उरेल. त्या मजकुराखाली फक्त व्हॉट्सॲपचा क्रमांक होता. ‘या क्रमांकावर कळवा’ एवढे पुरले असते.