मुलांच्या खोलीसाठी दिव्याचे खेळणे घेताना काय पाहावे?

प्रश्न: माझ्या अडीच वर्षांच्या मुलीसाठी पोटात दिवा असलेला मऊ ससा घ्यावा असे मनात आहे, मात्र तो रात्रभर उशाशी चालू राहिला, तर तिच्या झोपेवर परिणाम होईल का?

उत्तर १: आधी प्रकाशाचा रंग पाहावा. निळसर-पांढऱ्या प्रकाशाने झोपेशी निगडित असलेले मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते, त्यामुळे २७०० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचा (हा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर), मंद पिवळसर प्रकाश देणारे आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारे खेळणे बरे. रंग बदलणारे दिवे दुकानात मोहक दिसतात. अंथरुणात मात्र मूल त्यांच्याशीच खेळत बसते.

उत्तर २: मला प्रकाशापेक्षा सेलची काळजी अधिक वाटते. बटणासारखा चपटा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर २ तासांतही आतून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. आम्ही आणलेल्या कासवाचे झाकण नुसत्या नखाने उघडत होते, ते मी त्याच दिवशी परत केले.

प्रश्नकर्ती: आत्ताच पाहिले, सशाच्या सेलचा कप्पा चेनमागे आहे आणि त्याला स्क्रू नाही. तेव्हा हा ससा रद्द, दुसरा शोधते.