वडिलांची १९६९ ची फियाट ११०० डिलाइट: नव्याने रंगवावी की आहे तशी जपावी?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९६९ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट आमच्या जुन्या घराच्या पडवीत बारा वर्षांपासून उभी आहे. वडील गेल्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही. चारही टायर बसले आहेत, पुढच्या सलग सीटमध्ये उंदरांनी घर केले आहे, वायरिंग कुरतडलेले आहे आणि इंजिन फिरते की नाही हेही आम्ही पाहिलेले नाही. तरी दरवाजा उघडला की तोच रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास येतो. स्टिअरिंगखालच्या हँड गिअरच्या दांडीची मूठ वडिलांच्या तळव्याने एका बाजूला गुळगुळीत झालेली आहे आणि ती आईला आजही पाहावीशी वाटते.

गावातल्या एका गॅरेजने सल्ला दिला की सगळा पत्रा घासून गाडीला नवा मेटॅलिक रंग द्यावा, आत आजच्या एखाद्या छोट्या गाडीचे इंजिन बसवावे आणि सीटही वेगळ्या कराव्यात, म्हणजे ती रोज वापरता येईल. ऐकायला हे सोयीचे आहे, पण मन घेत नाही. आईला महिन्यातून एक-दोनदा तिच्या माहेरी घेऊन जाता यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. गाडीची कागदपत्रे अजून वडिलांच्याच नावावर असून नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे. सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनीचाके (पुणे)

तुमचे मन जे सांगते आहे तेच बरोबर आहे, आणि इंजिन बदलण्याचा सल्ला कृपया मानू नका. याला भावनेइतकेच कायद्याचेही कारण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, परंतु तिची चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे परके इंजिन बसवले की हा दरवाजा तुम्हाला कायमचा बंद होतो.

मात्र या नोंदणीची दुसरी बाजूही पाहा. अशी गाडी नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी तिला परवानगी आहे. ज्या गाडीची पूर्वी नोंदणी झालेली आहे तिला मूळ क्रमांक राखता येतो, ही त्यातली आनंदाची गोष्ट. पण आईंना माहेरी नेणे तुम्हाला महत्त्वाचे वाटत असेल, तर माझ्या मते साधी नोंदणीच पुन्हा चालू करून घ्यावी. योग्यता तपासणी, पर्यावरण कर आणि मुदत उलटल्याचा दंड भरावा लागेल, शिवाय दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागेल, पण गाडी तुमच्या हक्काची राहील. त्याआधी वारसांच्या नावे हस्तांतर करून घ्या. त्यासाठी नमुना ३१ लागतो, सोबत मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती. हे काम गाडी सुरू होण्याची वाट न पाहता आजच हाती घ्या, कारण मूळ नोंदणीपुस्तक हरवलेले असले तर पत्र्याच्या कामापेक्षा जास्त महिने तेथेच जातात.

पानेवाला (सातारा)

इंजिनाबद्दल एक कळकळीची विनंती आहे: नवी बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नका. बारा वर्षे उभ्या गाडीचे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात आणि जोर लावला तर त्या तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडा आणि चार-पाच दिवस थांबा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल घालून हाताने सावकाश फिरवून पाहा. हलले तर उत्तम. नाही हलले तर पुन्हा तेल सोडून थांबा, पण हँडलला पाइप लावून जोर करू नका. १०८९ सीसीचे हे इंजिन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षे दिवसरात्र चालवलेले आहे, तेव्हा त्याला धीराने घेतले तर ते साथ देते.

त्याचा खरा नाजूक भाग म्हणजे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण. खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे उष्णतेने दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि गाडी एकदा जरी फार तापली तरी हेड वाकते, मग दोन्हींमधले गॅस्केट कितीही वेळा बदलले तरी टिकत नाही. रेडिएटरमध्ये नुसते विहिरीचे पाणी भरण्याची आपल्याकडची जुनी सवय सोडून कूलंट वापरा. पेट्रोलची टाकी उतरवून धुवा आणि पंपाचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या, कारण आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबर मऊ करते आणि ओलावाही ओढून घेते. गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचे चारही ड्रम उघडून आतले व्हील सिलिंडर (ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर) नवे करा. गाडी सुरू होण्याइतकीच ती थांबण्याचीही तयारी हवी, आणि घाटात हे विशेष.

कुर्ला१९६४ (मुंबई)

ही गाडी आमच्या कुर्ल्याची, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्यावर येथे ११०० डिलाइट बनवली. तिचेच नाव पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले, पण आतले यंत्र बहुतांशी तेच राहिले. याचा तुम्हाला मोठा फायदा आहे: पद्मिनीचे इंजिन आणि ब्रेकचे बरेच भाग तुमच्या गाडीला लागतात. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ येथे अजून शोधता येतात. परंतु शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर दुकानदार माल ठेवत, आता ठेवत नाहीत. म्हणून गॅस्केट सेट, व्हील सिलिंडर आणि वॉटर पंपाचे कीट लागण्याआधीच घेऊन ठेवा. पुढची जाळी आणि दिव्यांच्या कडा मात्र डिलाइटच्या वेगळ्या आहेत. त्या मूळ असतील तर प्राणपणाने सांभाळा.

रंगाबद्दल माझे मत ठाम आहे. एकसंध बॉडीच्या या गाडीत वेगळी चॅसिस नाही, सगळा भार पत्राच पेलतो. म्हणून आधी दरवाज्यांखालच्या पट्ट्या, जॅक लावण्याची जागा आणि मॅटखालचा तळ तपासा. साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सर्वत्र फिरवा. जेथे ते धरणार नाही तेथे पूर्वी कोणी पत्र्याऐवजी पुट्टी (खड्डे भरण्याचा लेप) भरलेली आहे. गंज असेल तेथला पत्रा कापून नवा वेल्ड करावाच लागेल, पण चांगल्या पत्र्यावरचा मूळ रंग घासू नका. पॉलिशने पुष्कळ उजळतो, आणि एकदा गेलेला कारखान्याचा रंग कोणतेही दुकान परत देऊ शकत नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिच्या ट्यूरिन सनदेतही नवे करण्यापेक्षा जपण्यालाच मान दिलेला आहे.

कोयनाकाठ (कराड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज भाऊ आणि मी मिळून चुंबक फिरवले. उजव्या मागच्या चाकाच्या वर हातभर जागेत ते धरत नाही, आणि चालकाच्या पायाखालच्या तळाला टोचणीने सहज भोक पडते. बाकीचा पत्रा धडधाकट आहे. डॅशबोर्डमधला कप्पा स्क्रू काढून बाहेर ओढला, तेव्हा त्यामागे ऊन न लागलेला फिकट निळसर राखाडी रंग दिसला. बाहेरून गाडी पांढरट दिसते, त्यामुळे हा रंग आम्ही भावंडांनी कधी पाहिलाच नव्हता. आईने मात्र लगेच ओळखला.

गॅरेजवाल्यांना नम्रपणे नकार कळवला आहे. मूळ नोंदणीपुस्तक वडिलांच्या लोखंडी पेटीत सापडले, तेव्हा सोमवारी नमुना ३१ घेऊन आरटीओत जाणार आहे. प्लग काढले, तिसरा जरा हट्टाने निघाला. तेल सोडून ठेवले आहे. गुरुवारी हँडल घालून पाहीन आणि इंजिन हलले की नाही ते येथेच लिहीन.