'कॅलरी जाळणे' मराठीत कसं लिहाल?

वरणभात: व्यायामाच्या एका अ‍ॅपचं भाषांतर करतेय. 'बर्न ३०० कॅलरीज' ला मी '३०० उष्मांक जाळा' लिहिलं, तपासणारे म्हणतात 'चरबीचं ऊर्जेत रूपांतर करा' लिहा. मला दोन्ही खटकतंय. काय करू?

दीडशहाणा: रूपांतर अजिबात नको. एक ग्रॅम वस्तुमानाची खरोखर ऊर्जा झाली तर २,१०० कोटींहून जास्त किलोकॅलरी निघतील, अख्खं गाव उडेल. एक ग्रॅम चरबीतून मिळतात फक्त ९. चरबीतले अणू कुठेही नाहीसे होत नाहीत, त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, १० किलो चरबी झडली तर त्यातली ८.४ किलो नुसत्या उच्छ्वासातून जाते.

तिखटमीठ: मुळात उष्मांक शब्दच घोळाचा. आईला डॉक्टरांनी कमी उष्मांकाचं खा सांगितलं तर तिने पपई उष्ण म्हणून बंद केली आणि गुलकंद थंड म्हणून दोन वेळा सुरू, वर साखर घालून कोकम सरबत 😄 कॅलरी म्हटलं असतं तर कळलं असतं, तिच्या भिशीत सगळ्या कॅलरीच म्हणतात.

ऊनसावली: यात शब्दाचा काय दोष? कॅलरी तरी लॅटिन 'कालोर' वरूनच, म्हणजे उष्णता, एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागते तेवढी. आपला शब्द चपखल आहे, 'ऊन ऊन भात' मधलं ऊन पण उष्णचंच झालंय. फक्त ऊष्मांक लिहा, ऊ दीर्घ.

दीडशहाणा: अंक म्हणजे आकडा हो. कोळशाचा उष्मांक (किलोमागे किती उष्णता निघते तो आकडा) ठीक आहे, पण '३०० उष्मांक' म्हणजे '३०० तापमान' म्हटल्यासारखं. आणि अ‍ॅपवाल्यांची एक कॅलरी म्हणजे खरं तर हजार, पाकिटावर किलोकॅलरी छापतात तेच बरोबर.

ऊनसावली: एवढं काटेकोर व्हायचं तर १,२५५ किलोज्यूल लिहा, सांगा त्यांच्या आईला.

तिखटमीठ: आईला मधे आणू नका 😄

आजोळ: आमच्याकडे खाल्लेलं जिरवतात. शेतातून राबून आलं की आजी म्हणायची, सकाळचं जिरलं असेल, बस जेवायला. हे जाळणं वगैरे इंग्रजीचं खूळ.

तिखटमीठ: मग जठराग्नी काय इंग्रजीतून आला? पोटात आग पडते ती?

वरणभात: उद्या फाइल द्यायचीय, '३०० कॅलरी जिरवा' चालेल का?

दीडशहाणा: कोणाची तरी जिरवायला निघाल्यासारखं वाटतंय.

ऊनसावली: ते राहू द्या, दीर्घ ऊ चं काय ठरलं? श ष स ला ऊष्मे म्हणतो तेव्हा दीर्घच लिहितो ना?